डिस्कवर फाइलला जागा मिळते कशी, आणि ती वाया जाऊ नये म्हणून काय करायचं

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं चित्रीकरण मंडळाच्या पेन ड्राइव्हवर टाकायचं असतं. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, त्यात २५ जीबी मोकळे, आणि फाइल जेमतेम ६ जीबीची. तरी विंडोज सांगतं की फाइल फार मोठी आहे. "जागा हाय की हो, मग जाईना का?" बेळगावात कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात हा प्रश्न ऐकू येतो. त्याच्या जोडीला आणखी दोन ठरलेले असतात: १ टीबीची डिस्क घेतली तर ९३१ जीबीच का दिसतात, आणि फाइली १५० एमबीच्या असताना डिस्कवरचे ६ जीबी कुणी खाल्ले?

तिन्ही प्रश्नांना डिस्कमध्ये बिघाड असावा लागत नाही. डिस्क फाइलला जागा देते ती ठरावीक मापाच्या तुकड्यांत, आणि कुठला तुकडा कुणाला दिला याची एक नोंदवही ठेवते. तुकड्याचं माप आणि नोंदवहीची पद्धत डिस्क फॉरमॅट करताना ठरते. ती कामाकडे बघून ठरवली तर पुढची बरीच डोकेदुखी टळते. बहुतेक लोक तिथे डोळे मिटून 'स्टार्ट' दाबतात.

९३१ जीबीचा हिशेब

हा प्रश्न दोन ओळींत संपवू. कंपनी १ टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट धरते, म्हणजे एकावर बारा शून्यं. विंडोज १ जीबी मोजतं तो १,०७,३७,४१,८२४ बाइटचा, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. भागाकार केला की ९३१ येतात. ५०० जीबीच्या डिस्कला ४६५ दिसतात आणि २ टीबीच्या डिस्कला १.८१ टीबी. बाइट तेवढेच असतात, फक्त माप वेगळं. दुकानदाराशी यावरून भांडू नका.

सेक्टर आणि क्लस्टर

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या असतात. चकतीवर गोल पट्टे असतात आणि प्रत्येक पट्ट्याचे छोटे भाग पाडलेले असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. वर्षानुवर्षं एक सेक्टर ५१२ बाइटचा होता. २०११ च्या सुमारास कंपन्या ४०९६ बाइटच्या सेक्टरकडे वळल्या. आजच्या पुष्कळ डिस्क आतून ४०९६ बाइटचे सेक्टर वापरतात आणि जुन्या सॉफ्टवेअरशी जमावं म्हणून बाहेर ५१२ चे असल्याचं दाखवतात. सेक्टरला फक्त क्रमांक असतो. फाइल, फोल्डर, नाव यातलं डिस्कला काही ठाऊक नसतं. ते सगळं फाइल सिस्टीम बघते.

फाइल सिस्टीम एकेका सेक्टरचा हिशेब ठेवत नाही, काही सेक्टर मिळून एक क्लस्टर करते. विंडोजच्या खिडकीत याचंच नाव 'ॲलोकेशन युनिट' असतं. सगळा खेळ एका नियमावर चालतो: एका क्लस्टरमध्ये एकाच फाइलचा मजकूर राहतो. क्लस्टर ४ केबीचा असेल, म्हणजे ४०९६ बाइटचा, आणि फाइल ८,२०० बाइटची असेल, तर दोन क्लस्टरमध्ये ८,१९२ बाइट मावतात. उरलेल्या ८ बाइटसाठी तिसरा क्लस्टर द्यावा लागतो. फाइल ८,२०० बाइटची, पण डिस्कवरून गेले १२,२८८. तिसऱ्या क्लस्टरमधली उरलेली जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

हे स्वतः बघायला एखाद्या फाइलवर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' अशा दोन ओळी दिसतील. पहिली फाइलची खरी लांबी, दुसरी तिला दिलेली जागा. आता हेच एका मोठ्या फोल्डरवर करा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या फोल्डरपायी वाया गेलेली जागा. सरासरीने प्रत्येक फाइलमागे अर्धा क्लस्टर वाया जातो असं धरायला हरकत नाही, त्यामुळे फाइलींची संख्या जितकी जास्त तितकी नासाडी जास्त.

कधी उलटंही दिसतं, 'साइज ऑन डिस्क' कमी असते. मग फाइल कॉम्प्रेस केलेली असते, किंवा वनड्राइव्हसारख्या ठिकाणी मूळ फाइल इंटरनेटवर असते आणि तुमच्या डिस्कवर तिचं नावच असतं.

एक गमतीचा प्रयोगही करून बघा. विंडोज १० किंवा ११ मध्ये, सी ड्राइव्हवरच्या फोल्डरात, नोटपॅडमध्ये मराठीत दोन ओळी लिहून फाइल सेव्ह करा. 'साइज ऑन डिस्क' समोर बहुधा ० बाइट दिसतील. मजकूर गेला कुठे? तो नोंदवहीतच मावला. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलच्या नोंदीला साधारणपणे १ केबी जागा असते. नाव, तारखा वगैरे लिहून जी उरते तिच्यात मावण्याइतकी फाइल छोटी असेल, म्हणजे सुमारे ७०० बाइटपर्यंत, तर तिला वेगळा क्लस्टर दिलाच जात नाही.

नोंदवही कुठली घ्यायची

नोंदवहीचं काम शेतीच्या उताऱ्यासारखं. रान जागच्या जागी असतं, पण ते कुणाचं, कुठल्या सर्व्हे नंबरात, किती तुकड्यांत, हे उताऱ्यावरून कळतं. उताऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून उभं पीक लगेच नाहीसं होत नाही. फाइल डिलीट झाल्यावर नेमकं हेच होतं, त्याकडे शेवटी येऊ.

फॅट-३२ ही यातली जुनी वही, १९९६ ची. प्रत्येक क्लस्टरसमोर 'पुढचा तुकडा कुठे' एवढंच लिहिलेलं, अशी साखळी. फाइलची लांबी लिहायला ३२ बिटचाच रकाना असल्यामुळे एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊच शकत नाही. मिरवणुकीची ६ जीबीची फाइल अडते ती इथे, मोकळ्या जागेचा तिथे काही संबंध नाही. ३२ जीबीपर्यंतच्या मेमरी कार्डांवर हीच पद्धत असते, म्हणून पुष्कळ कॅमेरे लांब चित्रीकरणाचे ४ जीबीचे तुकडे पाडतात. तरी फॅट-३२ पूर्ण टाकाऊ नाही. जुने टीव्ही, गाडीतले म्युझिक प्लेयर, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरचा साउंड यांना कित्येकदा दुसरं काही वाचताच येत नाही. गाण्यांच्या पेन ड्राइव्हला फॅट-३२ च ठेवा.

एक्सफॅट २००६ मध्ये आली. तिला ४ जीबीची अट नाही, विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येते, आणि ३२ जीबीच्या वरच्या मेमरी कार्डांची ही ठरलेली पद्धत. कुठले क्लस्टर मोकळे हे ती प्रत्येकी एका बिटमध्ये नोंदवते, आणि फाइल सलग बसली असेल तर साखळी लिहायच्या भानगडीत पडत नाही. तिच्यात दोन खोडी आहेत. पहिली म्हणजे ३२ जीबीच्या वरच्या डिस्कवर विंडोज आपणहून १२८ केबीचा क्लस्टर धरतं. दुसरी, तिच्यात जर्नल नाही. जर्नल म्हणजे 'आता मी नोंदवहीत अमुक बदल करणार आहे' ही आगाऊ टिपणी. लिहिताना मध्येच वीज गेली तर त्या टिपणीवरून वही जुळवून घेता येते. ती नसेल तर वही अर्धवट राहू शकते.

एनटीएफएस १९९३ ची, विंडोज एनटीबरोबर आलेली, आणि तिला जर्नल आहे. १६ टीबीपर्यंतच्या डिस्कवर ती आपणहून ४ केबीचा क्लस्टर धरते. फाइलची नोंद करताना 'अमुक क्लस्टरपासून सलग इतके' असं लिहिते, त्यामुळे मोठी फाइल सलग असेल तर एका ओळीत काम भागतं. विंडोजवरच वापरायच्या डिस्कसाठी माझ्या मते दुसरा विचार करायचं कारण नाही. मॅक मात्र ती वाचतो, पण आपल्या आपण तीवर लिहीत नाही.

लिनक्सवाल्यांची ईएक्सटी-४ आपल्याकडे क्वचित दिसते, पण काही नेटवर्क स्टोरेज पेट्यांमध्ये आणि अँड्रॉइड फोनमध्ये ती किंवा तिच्यासारख्या पद्धती असतात. तिचा एक नियम मराठी माणसाला नेमका नडतो.

देवनागरी नावांची अडचण

सीमाभागात एकाच टेबलावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांच्या फाइली असतात. सोसायटीचा ठराव मराठीत, तालुक्याला द्यायचा अर्ज कन्नडमध्ये, बँकेचं पत्र इंग्रजीत. जुन्या डीटीपी फाइली श्रीलिपी किंवा कन्नडच्या नुडी अशा जुन्या फाँटांत, नव्या युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमध्ये एका चिन्हाला साधारण एक बाइट लागायचा. आज सर्रास वापरतात त्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. 'निपाणी' या शब्दात न, ि, प, ा, ण, ी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. इंग्रजीत लिहिलं तर सहा बाइटमध्ये काम होतं. मजकुराच्या फाइली तशा छोट्याच असतात, त्यामुळे जागेची काळजी नको. काळजी नावाची.

एनटीएफएस आणि एक्सफॅटमध्ये फाइलच्या नावाला २५५ चिन्हं चालतात. ईएक्सटी-४ मध्ये मर्यादा २५५ बाइटची. भागिले ३ केलं की देवनागरीत ८५ चिन्हं, तीही मात्रा आणि जोडाक्षरांचे हलन्त धरून. 'खानापूर तालुका समिती वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त व जमाखर्च अंतिम दुरुस्त प्रत सह्यांसहित नवीन' अशी नावं द्यायची आपल्याला सवय. विंडोजवर हे नाव बिनबोभाट राहतं, पण नेटवर्कच्या पेटीवर किंवा फोनवर पाठवताना 'नाव फार लांब' म्हणून अडतं आणि शंभर फाइलींत नेमकी तेवढीच मागे राहते. नाव ४०-५० चिन्हांत बसवा, तारीख आकड्यांत घाला. विंडोजमध्ये पुष्कळ प्रोग्रॅमना ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता २६० चिन्हांच्या आत लागतो, म्हणून फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर असंही करू नका.

कामाकडे बघून क्लस्टर

दोन टोकांची उदाहरणं घेऊ.

डीटीपी किंवा झेरॉक्सचं दुकान. दहा वर्षांचे अर्ज, पत्रिकांचे नमुने, छोटी चित्रं. समजा ५०,००० फाइली आहेत, सरासरी ३ केबीच्या. खरा मजकूर सुमारे १४६ एमबी. एनटीएफएसवर ४ केबीच्या क्लस्टरने त्या १९५ एमबी घेतील. ठीक आहे. त्याच फाइली १२८ केबी क्लस्टरच्या एक्सफॅट डिस्कवर टाकल्या की प्रत्येकीला १२८ केबी, म्हणजे एकूण ६ जीबीच्या वर. सुरुवातीला विचारलेले 'कुणी खाल्ले' ते ६ जीबी हेच. शिवाय एवढ्या बारीक फाइली एकेक करून कॉपी करायला वेळ लागतो तो वेगळाच.

दुसरं टोक लग्नाचं फोटोग्राफी करणारा स्टुडिओ. एका लग्नाचे ३,००० फोटो, प्रत्येकी २५ एमबीचे, मिळून ७५ जीबी. १२८ केबीच्या क्लस्टरवर प्रत्येक फोटोमागे सरासरी ६४ केबी वाया, म्हणजे सगळे मिळून १८७ एमबी. ७५ जीबीत हे कुठे दिसणारही नाही. उलट क्लस्टर मोठा असला की त्याच फोटोच्या नोंदी कमी होतात आणि तुकडेही कमी पडतात.

म्हणून माझा सल्ला असा. फोटो आणि व्हिडिओची बाहेरची डिस्क मॅकवरही लागत असेल तर एक्सफॅट, १२८ केबी. फक्त विंडोजवर लागत असेल तर एनटीएफएस. त्यावर निव्वळ व्हिडिओच ठेवणार असाल तर ६४ केबी घ्या, मात्र विंडोजचं फाइल कॉम्प्रेशन ४ केबीच्या वरच्या क्लस्टरवर चालत नाही. कागदपत्रं, हिशेब, टॅली, जुने अर्ज यांना एनटीएफएस ४ केबी, म्हणजे विंडोज आपणहून देतं तेच. ज्या डिस्कवर विंडोज बसवलंय तिचा क्लस्टर बदलायच्या फंदात पडू नका, त्यात हाताला काही लागत नाही. बारीक फाइली एक्सफॅट डिस्कवर न्यायच्याच असतील तर फोल्डरची एक झिप करा आणि ती न्या. ५०,००० फाइलींची एकच फाइल होते, नासाडी जास्तीत जास्त एका क्लस्टरची.

आता प्रत्यक्ष करू

आधी असलेल्या डिस्कचा क्लस्टर किती ते बघा. स्टार्ट मेनूत 'कमांड प्रॉम्प्ट' शोधून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. सी, एच, के, डी, एस, के ही सहा इंग्रजी अक्षरं लागून टाइप करा, एक जागा सोडून ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन द्या, एंटर मारा. पुढे आणखी काही जोडलं नाही तर ही आज्ञा डिस्क तपासते, बदलत काही नाही. शेवटच्या ओळींमध्ये प्रत्येक ॲलोकेशन युनिटमध्ये किती बाइट, एकूण किती युनिट आणि मोकळी किती हे छापून येतं. ४०९६ दिसलं तर ४ केबी, १,३१,०७२ दिसलं तर १२८ केबी.

क्लस्टर बदलायचा तर विंडोजच्या साध्या साधनांनी फॉरमॅटच करावं लागतं, म्हणजे डिस्क पुसली जाणार. आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि दोन-चार फाइली तिथून उघडून बघा. मग:

१. विंडोजचं बटण आणि एक्स एकदम दाबा, यादीतून 'डिस्क मॅनेजमेंट' निवडा. खाली प्रत्येक डिस्कची पट्टी दिसते. आकारावरून आपली डिस्क ओळखा. घाईत दुसऱ्याच डिस्कवर हात पडतो तो इथेच, म्हणून बाकीच्या बाहेरच्या डिस्क आधी काढून ठेवा.

२. डिस्क कोरी असेल तर विंडोज एमबीआर की जीपीटी असं विचारतं. डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत हे लिहायच्या या दोन पद्धती. जीपीटी घ्या. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटचा असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरवर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही, आणि मुख्य भागही चारच पाडता येतात. जीपीटी आपल्या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवतं. फार जुन्या टीव्हीला डिस्क लावायची असेल तरच एमबीआर.

३. 'अनॲलोकेटेड' लिहिलेल्या पट्टीवर उजवं बटण दाबून 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' निवडा. भाग किती पाडायचे? एकच पाडा. डी, ई, एफ असे तीन भाग पाडायची आपल्याकडे रीत आहे, पण बाहेरच्या डिस्कवर त्यातून एवढंच होतं की एका भागात जागा उरते आणि दुसरा भरतो. डिस्क बिघडली तर तिन्ही एकदम जातात, त्यामुळे तेही संरक्षण नव्हे.

४. पुढच्या खिडकीत फाइल सिस्टीम, ॲलोकेशन युनिट साइज आणि नाव भरा. 'डिफॉल्ट' या शब्दामागे काय आहे ते वर आलंच. नाव 'लग्न २०२५' असं कामाचं द्या. एक्सफॅटला ११ चिन्हांपर्यंतच चालतं.

५. 'क्विक फॉरमॅट'ची खूण. नव्या, भरवशाच्या डिस्कला राहू द्या. जुनी, सेकंड हँड घेतलेली डिस्क असेल तर खूण काढा. मग विंडोज सगळ्या डिस्कवर शून्यं लिहीत जातं आणि खराब सेक्टर उघडे पडतात. १ टीबीला काही तास लागतात. वळवाच्या दिवसांत, ढग आलेले असताना, यूपीएस नसेल तर हे काम सुरू करू नका.

तुकडे का पडतात

डिस्क नवी असताना फाइली एकापुढे एक सलग बसतात. मग काही पुसल्या जातात, मध्ये लहान-मोठ्या मोकळ्या जागा राहतात. नवी मोठी फाइल आली आणि सलग जागा नसली की फाइल सिस्टीम तिचे तुकडे करून जिथे जमेल तिथे बसवते. फाइल अखंडच राहते, पण वाचायला वेळ लागतो. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची, म्हणजे हवा तो सेक्टर वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच मिलिसेकंद, आणि डोकं त्या पट्ट्यावर सरकवायला आणखी सुमारे दहा. एका तुकड्यामागे पंधरा मिलिसेकंद धरले तर हजार तुकडे झालेल्या फाइलीला नुसत्या धावपळीत पंधरा सेकंद जातात.

फिरत्या डिस्कवर १५-२० टक्के जागा मोकळी ठेवा. ९५ टक्के भरलेली डिस्क कुरकुरते ते उगीच नाही. तुकडे जुळवायला ड्राइव्हच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टूल्स', तिथे 'ऑप्टिमाइझ'. विंडोज हे आठवड्याला आपणहून करतं, पण बाहेरची डिस्क त्या वेळी जोडलेली नसते, म्हणून तिचं स्वतः करावं. जरा स्वस्तातल्या बाहेरच्या डिस्कमध्ये कधी कधी पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात. अशा डिस्कवर एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. तिथे सारखं खोडणं-लिहिणं टाळा. भरून ठेवायच्या संग्रहाला ती ठीक.

एसएसडी म्हणजे चिपवरची डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही. तिथे तुकडे पडले तरी फारसं बिघडत नाही आणि जुळवायलाही जाऊ नये. त्याच 'ऑप्टिमाइझ' बटणावर विंडोज एसएसडीला 'ट्रिम' पाठवतं, म्हणजे कुठले भाग आता मोकळे आहेत ते कळवतं.

डिलीट झालं तर

उताऱ्यावरचं नाव खोडलं, पीक उभं आहे, ही ती वेळ. एनटीएफएसमध्ये फाइल पुसली की तिच्या नोंदीवर 'ही नोंद आता मोकळी' अशी खूण होते आणि तिचे क्लस्टर मोकळे दाखवले जातात. मजकूर तिथेच असतो, दुसरी फाइल त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत. क्विक फॉरमॅटमध्ये नोंदवहीच नवी येते, मजकूर बराचसा खाली तसाच. फॅट-३२ मध्ये पुसताना साखळीच मोडली जाते, त्यामुळे सलग असलेली फाइल परत मिळते, तुकड्यांची मिळणं कठीण. मेमरी कार्ड प्रत्येक कामाआधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणाऱ्याचे फोटो बहुधा सलग बसतात, म्हणून वाचतातही.

पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही हेही ध्यानात ठेवा. बाहेरच्या हार्ड डिस्कवरून पुसलेली बहुधा जाते, तेव्हा आधी तिथे बघा.

चूक झाल्याक्षणी त्या डिस्कवर काहीही लिहिणं थांबवा. फाइल परत मिळवायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेणं ही नेहमीची चूक. तेच जाऊन तुमच्या फोटोंच्या जागेवर बसतं. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर नोंदवहीकडे बघतच नाही, सरळ क्लस्टर वाचत जातं आणि जेपेग, व्हिडिओ यांची सुरुवातीची खूण ओळखून फाइली बाहेर काढतं. नावं मिळत नाहीत, फोटो मिळतात. मिळालेलं दुसऱ्या डिस्कवर साठवा. एसएसडीवरून पुसलेलं असेल तर फार आशा धरू नका. ट्रिम गेल्यावर ती जागा वाचली तरी बहुधा शून्यंच येतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर चालवू नका, डिस्क बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, तिथे एक्सफॅट डिस्कवर थेट काम करण्यापेक्षा लॅपटॉपवर काम करून नंतर कॉपी केलेलं बरं. जर्नल असलं तरी ते नोंदवही सांभाळतं, अर्धवट लिहिलेल्या फाइलीतला मजकूर नव्हे. डिस्क काढताना 'इजेक्ट' केलंच पाहिजे. विंडोज नंतर विचारू लागलं की डिस्क तपासू का, तर 'टूल्स'मधलं 'चेक' दाबा. पण डिस्कवरचा डेटा दुसरीकडे नसेल तर दुरुस्तीच्या आधी जमेल तेवढा कॉपी करून घ्या, कारण दुरुस्ती म्हणजे नोंदवही पुन्हा जुळवणं, त्यात एखादी नोंद गळूही शकते.

तरीही जागा सापडत नसेल

विझट्री नावाचं, वैयक्तिक वापराला मोफत असलेलं सॉफ्टवेअर घ्या. ते एनटीएफएसची नोंदवही थेट वाचतं, त्यामुळे भरलेल्या डिस्कचा नकाशाही चटकन दाखवतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाही तर सिस्टीमचे फोल्डर दिसत नाहीत. सी ड्राइव्हवर बहुतेकदा विंडोजची जुनी आवृत्ती, हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट सापडतात. जुनी आवृत्ती 'डिस्क क्लीनअप'मधून काढा, हाताने पुसू नका. बाहेरच्या डिस्कवर एकाच लग्नाच्या तीन प्रती तीन नावांनी निघतात.

आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून 'रीॲलोकेटेड सेक्टर्स काउंट' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' या दोन ओळी बघा. डिस्क खराब झालेल्या सेक्टरऐवजी राखीव सेक्टर वापरते, तो आकडा पहिला. वाचता न आलेले, निकाल लागायचा आहे असे सेक्टर दुसऱ्यात. पहिला थोडा असून महिनोन्‌महिने तिथेच थांबला असेल तर डिस्क वापरता येते, लक्ष ठेवा. दुसरा वाढत असेल तर आज रात्रीच डेटा हलवा.